टाचा जरा खाली

“आधी माझी चूक बघ, क्लेम, तुझी दाखवायची की नाही ते मग ठरव,” असं अँब्रोस किटो मला म्हणाला होता.

तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता, मी पंचेचाळीसचा. दोघेही नालबंद. त्याचं घर काइनटन गावाच्या अलीकडे, माझं पलीकडे, मधे तीस किलोमीटर मेंढ्यांची कुरणं. चाऱ्याच्या दुकानात समोरासमोर आलो की आम्ही दोघेही पोत्यांवरची अक्षरं वाचायला लागायचो. आमच्या धंद्याची तीच रीत होती. दुसऱ्या नालबंदाला सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या ताटातून जाते, असं मी ज्याच्या हाताखाली शिकलो त्यानं मला बजावलं होतं. मी ते तीस वर्षं पाळलं.

आणि एका रविवारी हा माणूस माझ्या दारात उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला नाल.

“एका घोडीला लंगडी करून आलोय,” तो म्हणाला. “खिळा आत लागला. का लागला ते मला कळत नाही.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“तू माझ्यापेक्षा जास्त घोडे बघितलेस. दुसऱ्या कोणाला विचारू, पाद्र्याला?”

आपली चूक आपल्या पायांनी चालत दुसऱ्याच्या घरी आणणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर त्याला काहीतरी हवं असतं. मी नाल उलटापालटा केला. खिळ्यांची भोकं कडेपासून फार आत पाडली होती. एवढंच. मी ते त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला त्याची मला लाजच वाटली.

किटो मूळचा मेलबर्नचा, ट्रामच्या कारखान्यातला लोहार. नालबंदी शिकला चाळिशीत, त्यामुळे त्याच्याबरोबर उमेदवारी केलेलं कोणी नव्हतं. “सतराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांना निदान शत्रू तरी असतात,” तो म्हणायचा, “मला तेही नव्हते.” म्हणून तो दारोदार फिरला. माझ्यानंतर त्यानं व्हरकर्कला गाठलं. व्हरकर्क साठीकडे झुकलेला डच, लंगड्या घोड्यांच्या नालांत त्याचा हात कोणी धरत नसे, आणि कुरकुरण्यातही. मग ट्रूडी मक्लूर, चाळिशी उलटलेली, जिच्यापुढे बिथरलेलं शिंगरूसुद्धा मान खाली घालायचं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही चौघं किटोच्या शेडमध्ये जमायचो. नियम एकच: महिन्यातलं आपलं सगळ्यात वाईट काम बरोबर आणायचं आणि ऐरणीवर ठेवायचं. पहिला नंबर नेहमी किटोचा.

“हा नाल आहे की बिस्किट?” व्हरकर्क विचारायचा.

“बिस्किट असतं तर तू एव्हाना खाल्लं नसतंस?” ट्रूडी म्हणायची.

हसून झालं की कोणीतरी चूक नेमकी कुठे आहे ते सांगायचं. मग चहा, भट्टीच्या कडेला गरम केलेले खिम्याचे पॅटिस, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा नंबर. माझे लंगडे घोडे व्हरकर्ककडे जाऊ लागले, त्यांचे गाडीचे जड घोडे माझ्याकडे येऊ लागले. पंचेचाळिशीनंतर माणसाला नवीन मित्र मिळत नाहीत म्हणतात. मला तीन मिळाले, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागलं नव्हतं. दारं किटोनं ठोठावली होती.

दुसरा एक नियम कधी कोणी बोलून दाखवला नाही. एखादा आडवा पडला की बाकीच्यांनी त्याचे घोडे सांभाळायचे, त्याच्या पद्धतीनं नाल मारायचे, आणि तो उठला की सगळे परत द्यायचे.

पहिल्यांदा आडवा पडलो तो मी. पाठ गेली. अकरा आठवडे किटोनं माझी गिऱ्हाइकं केली. त्यातला एक जण, सहा जड घोड्यांचा मालक, त्याला म्हणाला, तूच ये यापुढे. किटो म्हणाला, “मला जड घोडे जमत नाहीत. क्लेम आला की तुम्हालाच फरक दिसेल.” हे मला त्या मालकानं वर्षभरानं सांगितलं. किटोनं कधीच नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये किटोच्या गुडघ्यावर लाथ बसली. शस्त्रक्रिया, मग काठी. त्याची गिऱ्हाइकं आम्ही वाटून घेतली. माझ्या वाट्याला फेअरलीबाईंची घोडेस्वारीची शाळा आली. बावीस घोडे, सगळे एका छपराखाली. खाली सपाट फरशी, डोक्यावर दिवा. दिवसभर गाडीतून कुरणाकुरणांत हिंडायचं नाही, चिखलात वाकायचं नाही. तिथून घरी आलो की जेवायला ताठ बसता यायचं. ही सबब नाही, कारण आहे. दोन्हींतला फरक मला माहीत आहे.

पहिल्याच दिवशी मी एका तांबड्या घोडीचा पाय मांड्यांत धरून वाकलो होतो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“किटोनं नीट केलंय ना रे, क्लेम?”

घोड्याला दर सहा आठवड्यांनी नाल लागतात. किटोच्या आजारपणात या घोड्यांना दहा आठवडे झाले होते. एवढा वाढलेला खूर पुढे लांब होतो आणि मागे टाच खाली बसते. जगातल्या कुठल्याही नालबंदाचा असो. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी अर्धंच वाक्य बोललो.

“टाचा जरा खाली आहेत.”

“असं होय,” बाई म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. कानस चालू ठेवली. खुराचा पांढरा भुगा माझ्या बुटांवर पडत राहिला आणि तेवढ्या वेळात बाई निघून गेल्या. कधी वाटतं, सरळ खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. खोटं निदान परत घेता येतं.

ऑगस्टमध्ये किटो उभा राहिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“बाई म्हणतात क्लेमच येऊ दे. घोडे ठीक आहेत ना?”

“आहेत.”

“मग झालं तर.”

तो फोन ठेवायचा थांबला होता. एका वाक्यापुरती जागा होती तिथे. मी गुडघ्याची चौकशी केली.

त्यानंतर तो बदलत गेला. ट्रूडी म्हणाली, “अरे, किटो एका घोड्याला अर्धा दिवस लावतो. पट्टी घेऊन मोजत बसतो, पुसतो, परत मोजतो. झालंय काय त्याला?”

“गुडघा,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यानं आपली दोन जुनी गिऱ्हाइकं स्वतःहून व्हरकर्कला देऊन टाकली. “माझी नजर गेली,” म्हणाला. व्हरकर्कनं मला फोन करून डचमध्ये बऱ्याच शिव्या दिल्या, पण त्या मला नव्हत्या. असायला हव्या होत्या.

मग ऑक्टोबरचा रविवार. किटोनं ऐरणीवर चार नाल ठेवले. झिजलेले, जुने. मी ते पाहताक्षणी ओळखले, कारण त्या तांबड्या घोडीच्या पायातून ते मीच काढले होते.

“बाईंच्या भंगाराच्या पिंपातून आणले,” तो म्हणाला. “टाचा खाली होत्या, असं बाई म्हणतात. मी आठवडाभर बघतोय. मला दिसत नाही. तुम्हाला दिसलं तर दाखवा. मला स्वतःला दिसत नसेल तर मी लोकांच्या घोड्यांचे पाय धरू नयेत. महिनाअखेर भट्टी बंद करतो.”

व्हरकर्कनं चष्मा लावला. चारही नाल खिडकीशी नेऊन पाहिले.

“यात काही नाही.”

“दया नकोय मला.”

“दया? तुझ्यावर? सात वर्षांत कधी केली, गाढवा?”

ट्रूडीनं पाहिले. तिनंही मान हलवली. “चांगले आहेत, किटो. माझ्यापेक्षा चांगले.”

“नुसत्या नालावरून कळणार नाही,” किटो म्हणाला. “पाय बघितले ते क्लेमनं.” तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, सात वर्षांपूर्वी माझ्या दारात होतं ते. शिकायला आलेल्या माणसाचं. “सांग रे. कुठे चुकलो?”

हो म्हटलं असतं तर तो माझ्यावर विश्वास ठेवून घरी बसला असता. बावीस घोडे, छप्पर, दिवा, सगळं मला राहिलं असतं आणि या शेडमधल्या कोणालाही कधी कळलं नसतं. मला ते एक क्षण अगदी स्पष्ट दिसलं. हेही मी लपवणार नाही.

“तू कुठेच चुकला नाहीस,” मी म्हणालो. “बाईंना ते मी सांगितलं. दहा आठवडे वाढलेले पाय होते. तेवढं मी सांगितलं नाही.”

व्हरकर्कनं चष्मा काढला.

“बाईंना वाटलं तुझंच काम तसं. मी वाटू दिलं.”

“क्लेम,” ट्रूडी हळूच म्हणाली.

“गाढव हा आहे होय,” व्हरकर्क म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

“मी उद्या सकाळी बाईंकडे जातो,” मी म्हणालो. “सगळं सांगतो. घोडे तुझे आहेत. किटो, मी–”

मी पुढे काय काय बोललो ते आठवत नाही, बरंच बोललो. पाठीबद्दलही बोललो, ते आठवतं. किटो माझ्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या हातांकडे पाहत होता, दोन महिने ज्यांच्यावर त्यानं संशय घेतला त्या हातांकडे. त्यानं ते एकदा उघडले, मिटले. मग कातडी एप्रनचा बंद सोडला, एप्रन बाकावर ठेवला, आणि माझ्या शेजारून, मला वाट द्यायला लावून, पाय किंचित ओढत, त्याच्याच शेडमध्ये आम्हाला तिघांना सोडून, बाहेर निघून गेला.