आईला सांगितलेला सिनेमा

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि मी तिला सांगलीला माझ्या घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावा आणि खुशाल सगळं बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आईचा डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या पथ्यावर जास्त विश्वास. चष्मा लावून वर ती दोन्ही डोळे मिटून बसायची. डावा का मिटलास, असं विचारलं तर म्हणाली, "एकट्यानं कशाला राबायचं त्येनं."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या वर्षी अभ्यासक्रमात भयकथांचा भाग नव्याने आला होता. मुलांना एखादा जुना ब्रिटिश सिनेमा दाखवावा असं मनात होतं. रक्त पिणारा उमराव, डोंगरातला त्याचा किल्ला, काळा झगा, असा तो प्रसिद्ध सिनेमा मी स्वतः कधी पूर्ण पाहिलेला नव्हता. आईसाठी रजा काढली होती, म्हणून एका दुपारी लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगाशेजारीच बसले. कानाला इअरफोन लावले होते, तरी बाहेर आवाज जात असावा.

"काय ऐकतीस एकटी?" आई म्हणाली.

मी इअरफोन काढले. खोलीभर ते ढोल आणि पितळी वाद्यांचं संगीत घुमलं.

"कुणाची मयत हाय का?"

"सिनेमा आहे, भुताचा. इंग्रजांचा."

"इंग्रजांची भुतं कशी असत्यात? सांग की."

डोळे उघडून बघ म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली. मग मी सांगत गेले. एक माणूस नोकरीचं निमित्त काढून किल्ल्यावर आलाय. मालक उंच आहे, बोलायला सभ्य आहे. दिवसा तो दिसत नाही, शवपेटीत झोपतो. माणसाच्या मानेला चावून रक्त पितो. आई मधेमधे विचारायची. घरात गडी-माणूस कुणी न्हाई का? मग सैपाक कोण करतं? लसणाच्या फुलांना तो घाबरतो म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली. "मग आपल्या घरात त्यो एक दिस टिकायचा न्हाई."

पुढे एक तरुण मुलगी आजारी पडते. खिडकी उघडी ठेवून वाट बघत पडून राहते आणि रोज थोडी थोडी खंगत जाते. घरच्यांना कारण समजत नाही, डॉक्टर औषधं देऊन थकतो.

"तोंडाचा रंग कसा हाय?" आईने विचारलं.

"पांढराफटक."

"आन नखं?"

"नखं दिसत नाहीत इथं."

"नखं बघायची असत्यात," ती म्हणाली.

ती मुलगी जगली नाही. मग तिच्याच घरातल्या वहिनीची पाळी आली. मी सांगत होते, "आता हिचंही तसंच झालंय. डॉक्टर म्हणतो, रक्त दिलं तरच वाचेल. नवरा बाही वर करून शेजारी बसलाय. त्याच्या हातातून नळी..."

"कोण बसलाय?"

"तिचा नवरा."

आईने चष्मा काढला आणि डावा डोळा उघडून पडद्याकडे बघितलं. "आपणहून देतोय?"

"हो."

"थांबव जरा."

मी सिनेमा थांबवला. "तुज्या वडूजच्या मावशीचा नवरा न्हाई बसला असा," ती म्हणाली. आईच्या या थोरल्या बहिणीबद्दल मला जे माहीत होतं ते एवढंच, की तिचं सासरी जमलं नाही म्हणून ती माहेरी राहिली आणि पुढे शिवणकाम करून स्वतःचं घर केलं. आमच्या घरात यापेक्षा जास्त कुणी कधी बोललेलं नव्हतं.

आई सांगायला लागली. मावशीचं दुसरंही बाळंतपण अर्ध्यात गेलं आणि अंगावरून जायचं थांबेना. सासरच्यांनी बाहेरचं झालंय म्हणून देवऋषी आणला, लिंबं उतरवली, अंगारा लावला. आई तेव्हा लग्नाची व्हायची होती. बहिणीला बघायला म्हणून गेली. "हात हातात घेतला तर नखं कागदासारखी," आई म्हणाली. "म्या म्हनलं, हिला कोन बी लागल्यालं न्हाई. हिच्यात रगतच न्हाई."

माझे आजोबा त्यावेळी मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते, त्यांना निरोप जायचा कसा? आईने गावात आरडाओरडा करून एक जीप मिळवली आणि बहिणीला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. नवरा आणि दीर सोबत आले होते. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, घरातल्या कुणीतरी द्या.

"मग?"

"ती दोगं म्हनाली, च्या पिऊन येतो. ती काय परत आली न्हाईत. रगत दिल्यावर गड्याची ताकद जाती, असं वाटायचं त्येंला."

"आणि तू?"

"म्या म्हनलं, माझं घ्या. डॉक्टर म्हनला, पोरी, तूच येवढीशी. म्हनलं, येवढीशी असले तरी मेंढरं वळती. मग तपासलं, जुळलं. काचंची बाटली असायची तवा. जरा पडून उठले, आन बघितलं तर तीच बाटली तिच्या खाटंला टांगल्याली. थेंब थेंब पडताना बघत बसले." तिने चष्मा पुन्हा लावला. "लाव आता तुजा सिनेमा."

मला तो पुढे बघवेना. लॅपटॉप मिटून मी चहा ठेवायला गेले.

पुढच्या आठवड्यात मावशी आईला बघायला आली. नेहमीसारखी मोठमोठ्याने बोलत, पिशवीत प्यायच्या माडग्यासाठी हुलग्याचं पीठ घेऊन. आई अंघोळीला गेल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, आईने तुला रक्त दिलं होतं?"

पीठ डब्यात भरता भरता ती थांबली. "सांगितलं व्हय तिनं?"

"मागच्या आठवड्यात."

"मंग म्या तिला काय बोलले, ते बी सांगितलं आसंल."

"ते नाही सांगितलं."

मावशी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. "सुद आल्यावर तिच्यावर वराडले म्या. म्हनलं, कशाला वाचवलंस? आता परत त्याच घरी जायचं न्हवं? तवा ती म्हनली, नगं जाऊस. माझं रगत हाय तुझ्यात, म्या न्हाई म्हनते जायला." "तसं कुणी म्हनायचं असतं, हे मला ठावंच न्हवतं, बाय. दादा, तुजं आजोबा, कोकणातनं आले, त्येंला हिनंच सगळं सांगितलं. दादांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आन म्हनले, राहू दे हितंच. न्यायला आले त्येंला हिनं दारातनं परत लावलं."

"तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत यावर?"

"काय बोलायचं? थोरली म्या, आन अंगात रगत धाकटीचं."

तिने झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. एवढी वर्षं मी या बाईला फक्त बडबडी मावशी म्हणून ओळखत होते. दिवाळीला ती माझे ब्लाऊज शिवून पाठवायची आणि मला ते सैल व्हायचे, याची मी कुरकूर करायची. तिच्याकडे नीट बघितलं होतं असं मला आठवेना.

जेवणाआधी आईनेच विषय काढला. "हिला दाखव की त्यो सिनेमा. नवरा रगत देतो त्यो." आता ती दोन्ही डोळे उघडून बसली होती. मी पुन्हा सुरुवातीपासून लावला. दोघी पलंगावर मांडीला मांडी लावून बसल्या. तो उमराव पहिल्यांदा जिन्याच्या वर दिसला, तेव्हा आई पुढे वाकली.

"ह्यो व्हय? तू सांगताना मला वाटलं, कसला तरी वंगाळ असंल. ह्यो तर देखणा हाय."

"देखणाच असतो," मावशी म्हणाली. "माझ्या लग्नात सगळा गाव म्हनत हुता, जावई देखणा मिळाला."

आई हसली नाही. तिने मावशीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोघी पुढे बघत राहिल्या. नवरा बाही वर करतो तो प्रसंग आला, तेव्हा मी त्यांच्याकडे चोरून बघितलं. आई पडद्याकडे बघत होती. मावशी आईच्या हाताकडे, कोपराच्या आतल्या बाजूला बघत होती. तिथं आता सुरकुत्यांशिवाय काही नव्हतं.

शेवटी पडदे ओढले जातात, ऊन आत येतं आणि त्या उमरावाची राख होते. मावशीने पदराने डोळे टिपले.

"संपलं का?" आई म्हणाली.

"संपलं."

"मग वाढ आता. हिला चारची गाडी गाठायची हाय."

"म्या न्हाई जात आज," मावशी म्हणाली. "हिच्या डोळ्यात औषध घालायला कोन तरी नगं का?"

तेव्हा औषध घालायला घरात मी होते. मी ताटं घेतली.