नैवेद्याआधी न चाखलेलं पन्हं

मी वर्ध्याहून निघाले तेव्हा मे महिना होता आणि अंगणातली फरशी अनवाणी पायाला चटके देत होती. रिक्षा दारात उभी, नवरा बॅगा चढवतोय, आणि आई मात्र पन्ह्याचा पेला घेऊन सावकाश येतेय, जणू गाडी तिला विचारूनच सुटणार होती. "पोटात थंडावा घेऊन निघावं," ती म्हणाली. बाबांनी जावयाच्या खिशात एक कांदा सरकवला. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, यावर आम्हा वैदर्भीयांचा पक्का विश्वास. तो कांदा अटलांटाच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने दोन बोटांत धरून बाहेर काढला. अमेरिकेशी आमचं पहिलं बोलणं त्याच्यावरूनच झालं.

आता मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहते. घरातल्या एसीतून गाडीच्या एसीत आणि तिथून ऑफिसच्या एसीत जाते. ऊन लागतंच कुठे? तरी मार्च सरला की घशाला तिकडची तहान लागते. तुमच्यातले जे तिकडेच राहिले ते हसतील, जे माझ्यासारखे निघाले त्यांना कळेल. इथे चैत्र येतो तो पाइनच्या परागांतून. घरामागच्या लाकडी डेकवर, खुर्च्यांवर, गाडीच्या काचेवर कुणी हळद सांडल्यासारखी पिवळी भुकटी बसते. शुक्रवारी संध्याकाळी माझी लेक मीरा शेजारच्या रॅली शहरातून येते, ती भुकटी पुसते आणि लिंबं, पुदिना, बर्फ मांडून कॉकटेल्स करते. तिच्या ग्लासात जिन, माझ्यात नुसता सोडा. तिचा शेकर खळखळायला लागला की मी डोळे मिटते. मग बाबा पोत्यात गुंडाळून बर्फ फोडत असतात, कुलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास येत असतो, आणि मी कुठे बसलेय ते मला क्षणभर सांगता येत नाही.

बाबा गेले आणि त्या हिवाळ्यात आई इकडे आली. वर्ध्याच्या घराला कुलूप होतं, ग्रीन कार्ड हातात होतं. तिनं आता इथंच राहावं असं मला फार वाटत होतं. तिकडे एकट्या घरात ती पडलीबिडली तर, या विचाराने माझी झोप उडायची. पण ती सोफ्याच्या कडेला पदर सावरून बसायची. पाणीसुद्धा मागून घ्यायची, स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. "लेकीकडे पाहुण्यासारखं राहावं, मान राहतो," म्हणायची. अक्षय्य तृतीयेनंतरचं परतीचं तिकीट तिनं आल्या आल्याच माझ्याकडून काढवून घेतलं होतं. मी राहण्याचा विषय काढला की तिला खिडकीतली खार दिसायची.

त्यात चैत्रगौर आली. गौर या महिन्यात माहेरी येते, म्हणून तिला पाळण्यात बसवायचं, पन्हं आणि कैरीची डाळ द्यायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. इंडियन स्टोअरमधल्या कैऱ्या संपल्या होत्या, म्हणून मी सुपरमार्केटमधून हिरवेगार, कैरीसारखे दिसणारे आंबे आणले आणि कुकरला लावले. गर जरा पिवळट वाटला. पण नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं. आमच्या घरात ते कुणी कधी केलं नाही, मीही केलं नाही. हाताच्या अंदाजाने गूळ घातला, गौरीपुढे पेला ठेवला आणि मग बायकांना पन्हं दिलं.

आमच्या मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंनी एक घोट घेतला. "छान आहे गं, जरा माइल्ड आहे," त्या म्हणाल्या. मी चाखलं. नुसतं गुळाचं पाणी! या देशात हिरवा आंबा पिकला तरी हिरवाच राहतो, हे इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. घर बायकांनी भरलेलं, आणि मला रडू यायच्या बेतात होतं.

मीराने माझ्या हातातून पन्ह्याचा जग काढून घेतला. "आई, रिलॅक्स, इट जस्ट नीड्स अ‍ॅसिड," म्हणत तिने लिंबं कापायला घेतली. तेवढ्यात सोफ्यावरून आई उठली. तिनं पदर खोचला आणि सरळ ओट्याशी गेली. जिरं भाजायला टाकलं, काळं मीठ कुठे ठेवलंय ते न विचारता शोधून काढलं, आलं किसलं. मीराने ग्लासांच्या कडांना लिंबू फिरवून मीठ लावायला घेतलं, तर आईने त्या मिठात जिऱ्याची पूड मिसळली. मग शेकर तिच्या हातात आला. दोन्ही हातांनी ती तो हलवत होती, पाटल्या वाजत होत्या, आणि मीरा म्हणत होती, "हार्डर, आजी!" तेवढंच इंग्रजी आईला नीट समजलं.

बायकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. काकूंनी तर आईलाच रेसिपी विचारली. आईने ती सांगितली, वर एक चिमूट काळं मीठ आपण होऊन वाढवलं.

अक्षय्य तृतीयेला मी गौर पाळण्यातून उतरवली. या वर्षी तिच्या पाठवणीच्या वेळी आईची बॅगही दिवाणावर उघडी होती. संध्याकाळी आम्ही दोघी डेकवर बसलो. पाइनच्या शेंड्यांवर ऊन रेंगाळत होतं.

"गौरीला जावंच लागतं बाई," आई म्हणाली. "तिकडे शंकर वाट पाहून राहिला असतो. माझी कोण पाहून राहिलं?"

बाबा गेल्यानंतर ती माझ्यासमोर प्रथमच रडली. मी तिला जवळ घेतलं. माहेर म्हणजे आईचं घर, असंच मी आजवर धरून चालले होते. आईलाही एक माहेर लागतं आणि ते आपल्याला द्यावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थोड्या वेळाने तिनं डोळे पुसले, आत गेली आणि बॅगेतली लुगडी एकेक करून माझ्या कपाटात लावायला लागली.