आधीच सोसलेलं दुःख

लोकांचं वरातीमागून घोडं असतं. माझ्या मामाचं आदल्या दिवशीच दारात. आभाळ निरभ्र असताना छत्री, ताप नसताना तापाच्या गोळ्या. शाळेत तो इंग्रजी शिकवायचा आणि घरी रोज जेवताना लेकीला एक शब्द फोडून दाखवायचा. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणायचो.

त्याचा लाडका शब्द ‘अँटिसिपेट’. "मुळात लॅटिन. ‘अँटे’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे पकडणं, हातात घेणं. वेळ यायच्या आधीच गोष्ट हाती घ्यायची. नुसती वाट बघत बसणं नव्हे, कळलं?"

"म्हणजे आई करते तेच," चिमणी म्हणाली.

मामी शिवणकाम करायची. लहान पोरींच्या कपड्यांना ती शिवणीत भरपूर माया सोडायची, पुढच्या वर्षी उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. कुणी कुरकुर केली, तर तिचं ठरलेलं उत्तर असे, "असू दे हो, वाढेल ती."

चिमणी नऊ वर्षांची असताना आजारी पडली. रक्ताचं दुखणं. "अजून एक औषध देऊन बघू," डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्यावर मामाने हातपाय गाळले. दवाखान्यात तिच्या खाटेशी तो बसेचना. डबा दारात ठेवायचा नि परत फिरायचा. शब्द तर बंदच झाले. मला असा संताप यायचा! एका दुपारी त्याने मामीला सांगितलं, "शववाहिनीची चौकशी करून आलोय."

मामीने कात्री आपटली. "लेक जिवंत आहे तुमची!"

"आधीच सोसून ठेवलं, की नंतर कमी लागेल गं."

रडत रडत बोलत होता. मनापासून बोलत होता, म्हणून तर जास्त राग आला. मामी मशीनवर जाऊन बसली आणि चिमणीसाठी पिवळा फ्रॉक शिवायला घेतला. पोर वाळून काडी झाली होती, तरी दोन्ही बाजूंना तिने नेहमीसारखी माया सोडली.

दुसऱ्या दिवशी मी मामाला दवाखान्यात अक्षरशः ओढत नेलं. तो दाराशीच घुटमळला.

"बाबा, आजचा शब्द?" चिमणीने विचारलं.

तो परत फिरायला लागला.

"अजून आहे ना मी," ती म्हणाली. "सांग की."

तो तिच्या उशाशी कोसळला. मग तिथून हललाच नाही. शब्दांवर शब्द सांगत राहिला, पण ती बहुतेक वेळ ग्लानीतच असायची. औषध लागू पडलं नाही. चिमणी गेली.

आधी सोसलेल्यातलं कणभरही वजा झालं नाही. "होती तेव्हा मी कुठे होतो रे देवा," म्हणत मामा भिंतीवर डोकं आपटत होता. मामीने लेकीला पिवळा फ्रॉक घातला. तो अंगावर फारच ढगळ दिसत होता. बाजूने जरा आत घेऊया का, मी हळूच विचारलं.

"असू दे," मामी म्हणाली. "वाढेल ती."