ओटीतले गहू

आमच्या गल्लीत मूठ गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला दुसरं काम नव्हतं. उत्तरेतल्या आमच्या संस्थानी शहरात, लष्कर म्हणतात त्या भागात, नव्या बाजाराच्या मागच्या बाजूला माझ्या भावाचं भाड्याचं घर होतं. नवरा विषमज्वराने गेल्यावर मी तिथे येऊन राहिले. भाऊ गोरखीच्या जुन्या राजवाड्यातल्या एका कचेरीत कारकून होता. भावजय कधी टाकून बोलली नाही. पण मी तेव्हा पंचविशीच्या आत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. पुढे ताट आलं तर जेवत होते, नाही आलं तर आठवत नव्हतं. लोक म्हणत, बिचारी दुःखात आहे. दुःख असतं तर बरं झालं असतं. झोपेत हात अंगाखाली येऊन बधिर होतो आणि मग तो आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं.

लढाईची ती वर्षं. लढाई कुठेतरी लांब चालली होती, पण धान्याचा गल्ला मात्र आमच्याच बाजारातून नाहीसा झाला. आसपासच्या खेड्यांतली माणसं पोराबाळांसकट शहराच्या मोठ्या चौकात, महाराज बाड्यावर, येऊन बसू लागली. ती मागत नसत, नुसती बसत. आमच्या गल्लीतल्या वकीलीणबाई एकदा बाड्यावर कापड घ्यायला गेल्या आणि कापड न घेताच परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या बायका जमवल्या.

"रोज कणीक मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची," त्या म्हणाल्या. "एका मुठीने कोणाचा फुलका कमी नाही होत. शनिवारी कोणीतरी घरोघर जाऊन घेऊन येईल."

ती कोणीतरी म्हणजे मी. वेळ ठरली दुपारची. सकाळी पुरुषमंडळी कचेरीला निघत, तेव्हा पांढऱ्या कपाळाची बाई दारात समोर आलेली कोणाला चालली नसती. हे कोणी मला सांगितलं नाही. नुसतं "दुपार बरी पडेल" असं ठरलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

खांद्यावर झोला अडकवून मी दारोदार जायची. मराठी घरं असत तशीच इथली जुनी हिंदी घरंही असत. हलवायाची बायको म्हणायची, "गेहूँ तो बचे नहीं बहनजी, चना ले जाओ," आणि ओंजळभर चणे टाकायची. एका मोठ्या हुद्देदाराच्या घरून पोरकिड्यांसकट तांदूळ यायचे. दानासाठी काढलेलं धान्य किड्यांना लवकर सापडतं, असं मी तिथे शिकले. सगळं निवडून आम्ही चार-पाच जणी हलवायाच्या मोठ्या कढईत खिचडी शिजवत होतो आणि बाड्यावर वाढत होतो. माणसं जेवायची, भांडी चाटायची. माझ्या हातून पळी उलटायची, सरळ व्हायची. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

आता कोपऱ्यावरच्या वहिनींबद्दल सांगते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं, म्हणून सगळ्या त्यांना तसं म्हणत. त्यांच्या आजेसासऱ्यांना दरबारात बसायचा मान होता. नवऱ्याची नोकरी छातीच्या दुखण्यात गेली आणि तो आतल्या खोलीत खोकत पडलेला असायचा. एक सात-आठ वर्षांची मुलगी. शनिवारी मी गेले की वहिनी न चुकता एक मूठ पीठ झोल्यात टाकायच्या. मूठ वरून गच्च दिसायची, पण झोल्यात पडायचं ते चिमूटभरच. बोटं मिटायची त्यांची एक पद्धत होती.

वकीलीणबाईंच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच होती. एक दिवस धान्य निवडताना वकीलीणबाई म्हणाल्या, "भिंतीपलीकडे लाटण्याचा आवाज होऊन राहिला नाही. आठवड्यातून दोनदा झाला तर झाला."

बाड्यावरच्या माणसांना वाढताना आमच्यातल्या एकीचाही हात अडखळत नव्हता. पण कोपऱ्यावरच्या घरात धान्याची पिशवी नेऊन ठेवणं म्हणजे भर गल्लीत त्या बाईच्या थोबाडीत मारणं होतं. आणि ती पिशवी त्यांनी घेतलीही नसती. उपाशी मरावं पण मागू नये, हे आम्हा दक्षिणेतून आलेल्या घरांत लहानपणीच दुधाबरोबर पाजतात. पुढे दूध संपलं तरी ते पोटात राहतं.

तोडही वकीलीणबाईंनीच काढली. सवाष्ण घरी बोलवायची, कुंकू लावायचं आणि ओटी भरायची. पदरात पडलेली ओटी कोणतीही सवाष्ण नाही म्हणत नाही. ओटी हे दान नाही, तो मान आहे. नारळ आमच्याकडे महाग, त्याच्या जागी सुपारी ठेवायची आणि ओंजळी मात्र भरभरून घालायच्या.

मग आमच्या गल्लीत जे हळदीकुंकू सुरू झालं ते थांबेचना. चैत्रगौर झाली, मंगळागौर झाली. कोणाच्या मुलाचा दात पडला, त्याचंही हळदीकुंकू झालं. एकीने तर घरातली मांजर व्याली म्हणून बायका बोलावल्या, असं भावजय हसत सांगत होती. देवीलासुद्धा एवढी आमंत्रणं कधी गेली नसतील. दर वेळी बाकीच्या बायकांच्या पदरात चार दाणे पडत आणि कोपऱ्यावरच्या वहिनींचा पदर खाली ओढला जाईल इतके गहू पडत. वहिनी खाली मान घालून पदर दोन्ही हातांनी धरायच्या. त्यांना कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. कळतं हे कोणी दाखवलं नाही, म्हणूनच ते चाललं.

हळदीकुंकवाच्या दिवाणखान्यात मी कधी नव्हते. मी आत स्वयंपाकघरात बसून गहू पाखडायची आणि भरलेलं तबक दाराशी सरकवायची. बाहेरून बांगड्यांचा आवाज यायचा. कोणी मला उठून जा म्हणालं नव्हतं, पण कोणी बाहेर येही म्हणालं नव्हतं.

भाद्रपदात वहिनींचा नवरा गेला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं. त्या तेरा दिवसांत आमच्या गल्लीने त्या घरात रोज दोन्ही वेळा जेवण पोचवलं. पिठलं, भात, मऊ फुलके, कोणाकडून वरण. नवरा जिवंत असताना त्या घरात इतकं अन्न एकदाही गेलं नसेल. चौदाव्या दिवशी कोणाकडूनच काही गेलं नाही. कोणी दुष्ट नव्हतं. सुतक संपलं होतं, आता पाठवायला निमित्त नव्हतं.

शनिवारी मी झोला घेऊन गेले. त्या झोल्यात मी घरूनच गहू भरून नेले होते, उलटे द्यायला. वहिनी दारात आल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यांना तशा पाहून मला आरशात पाहिल्यासारखं व्हायला हवं होतं. तसंही काही झालं नाही.

"वहिनी, हे घ्या," मी म्हटलं.

त्यांनी झोल्याकडे पाहिलं. सवयीने पदराकडे हात गेला आणि मध्येच थांबला.

"आता कशात घेऊ?" त्या म्हणाल्या.

रडत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. पदर तोच होता, अंगावरचाच होता, पण त्यात आता ओटी पडणार नव्हती. आणि ओटी नसेल, तर ते नुसते कोणीतरी दिलेले गहू होते. त्यांनी आत जाऊन नेहमीसारखी मूठ आणली, माझ्या झोल्यात रिकामी केली आणि दार लावलं. या वेळी त्यातून काहीच पडलं नाही. मी गहू परत घेऊन आले.

मी हे वकीलीणबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मुलगी आहे ना! नवरात्र येऊन राहिलं आहे. कुमारिका म्हणून जेवायला बोलवू तिला. रोज एकीकडे."

सगळ्यांना हायसं वाटलं. नवरात्रात ती मुलगी आज या घरी, उद्या त्या घरी पाटावर बसली. तिचे पाय धुतले गेले, तिला पुरी, खीर वाढली गेली. नवरात्र संपल्यावरही आमच्या बायकांनी कुमारिकेचे नवे नवस शोधून काढले. मुलगी जरा भरली. बायका एकमेकींना सांगायच्या, पोर कशी छान दिसून राहिली आहे ना, आणि आपण एक काम पार पाडलं म्हणून त्यांना समाधान व्हायचं.

आई काय खाते, हे कोणी विचारलं नाही.

मला राग आला, असं लिहायला मला आवडेल. राग नव्हता. मला एवढंच दिसलं की विधवेने एकवेळ जेवावं, थोडं जेवावं, अशी रीतच असल्यामुळे ती वाळत चालली तरी ते रीतीला धरूनच दिसतं. माझंही तसंच चाललं होतं. दोन वर्षांत माझी हाडं वर आली होती आणि सगळे म्हणत होते, किती नेमाने राहते.

एका दुपारी मी भावजयीला म्हटलं, "माझं आजचं जेवण नको. माझ्या वाट्याचं पीठ आणि डाळ द्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पीठ काढलं, ते एकीपुरतं नव्हतं. वर एक गुळाचा खडा ठेवला आणि वाटीत थोडं तूप दिलं. कुठे चाललीस, हे विचारलं नाही.

कोपऱ्यावरच्या घरात मुलगी नव्हती. भिंतीपलीकडे वकीलीणबाईंकडे जेवायला गेली होती. मी वहिनींना म्हटलं, "भावाकडे पाहुणे आले आहेत. त्या गर्दीत माझं सोवळं काही नीट होत नाही. हा माझा शिधा. माझं एक वेळचं तुमच्या चुलीवर होऊ द्याल का? आजच नाही, रोजच."

भावाकडे पाहुणे नव्हते. आमच्या गल्लीत पाहुणे कुठे लपतात? वहिनींनी शिध्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या. बसा."

बऱ्याच दिवसांनी त्या चुलीत जाळ दिसत असावा. सरपण ओलसर होतं, धूर झाला. त्यांनी वरण शिजवलं, फुलके लाटले. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एक ताट मांडलं.

"तुमचं?" मी विचारलं.

"तुमचं होऊ द्या. मी मागून बसते."

"मी एकटी नाही जेवत."

हे खोटं होतं. दोन वर्षं मी एकटीच जेवत होते. त्या जरा थांबल्या आणि त्यांनी दुसरं ताट घेतलं. पहिला घास त्यांनी सावकाश घेतला. दुसऱ्यानंतर त्या मला विसरल्या. मान खाली, पदर खांद्यावरून घसरलेला, हात ताटातून तोंडाकडे आणि तोंडाकडून ताटात. मी चुलीकडे पाहत राहिले.

मग त्या एकदम थांबल्या. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. चेहरा लाल झाला. त्यांनी हात धुतला, पदर सारखा केला, डब्यातून एक फुलका घेतला, त्यावर उरलेलं तूप लावलं आणि तो माझ्या ताटावर धरला.

"एक अजून घ्या."

"नको, पुरे झालं."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरी जेवायला बसलात ना जी? एक तरी घ्यायलाच पाहिजे."

डब्यात किती उरले होते ते मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. पण त्या हात मागे घेत नव्हत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नवरा गेला तेव्हाही मी रडले नव्हते. मी ताट पुढे केलं. त्यांनी वाढलं. मला सपाटून भूक लागली होती.