सीडी गावभर झाली

ओपन सोर्स म्हणजे काय, हे मी आयुष्यात एकाच माणसाला नीट समजावू शकलो, आणि ती माझी आई. तेही कसबा बावड्यात, डंकावर. वर्षाची चटणी कांडून आणायला आम्ही गेलो होतो. माझ्या खांद्यावर मिरचीचं पोतं, आईच्या हातात भाजलेल्या मसाल्याचा डबा. डंकावर बायकांची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकीला दुसरीच्या डब्यात डोकावायचंच असतं. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं जरा जास्तच भाजलंय का, सगळा मामला उघड्यावर. एकीचं प्रमाण दुसरीनं उचलायचं, आपल्या घराला रुचेल तसा फेरफार करायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात तिसरीला सांगायचं. मी शिंकत शिंकत आईला म्हणालो, "आमचं लिनक्स असंच असतं बघ. आत काय घातलंय ते सगळ्यांस्नी दिसतं. कुणीबी बदलावं, कुणीबी वाटावं."

"मग त्यात नवीन काय हाय?" आई म्हणाली आणि तिनं डबा पुढं सरकवला.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. नव्वदच्या दशकात फ्लॉप्या खिशात घालून हिंडणाऱ्यांतला मी. पुढं एका मासिकाबरोबर लिनक्स या फुकट आणि उघड्या सॉफ्टवेअरची सीडी हाती पडली आणि मी बिघडलो, असं वडील म्हणायचे. जो भेटेल त्याला मी पकडून सांगायचो की, ज्या सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय ते बघता येत नाही, त्याच्यावर विश्वास टाकू नका. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि हसायचे. अडचण अशी होती की, आमच्याकडं सगळंच आधीपासून फुकट होतं. मशीन जोडून देणारा माणूस हजारोंची सॉफ्टवेअरं चोरून भरून द्यायचा. "तुमचं फुकट हाय म्हणताय सर, मग आमचं काय इकतचं हाय व्हय?"

दुसरं वेड त्याहून अवघड. माणसाची माहिती माणसाच्या ताब्यात असली पाहिजे, असं मला वाटायचं, अजून वाटतं. दसरा चौकाजवळ ज्या नेट कॅफेत मी जायचो, तिथला मालक सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड तोंडपाठ ठेवायचा. चोरून नाही, त्यांनीच सांगून ठेवलेले. कुणी आत आलं की हा गल्ल्यावरूनच मोठ्यांदा पासवर्ड सांगायचा आणि तो माणूस तिकडं टाइप करायचा. मी एकदा चिडून भांडलो. मालक शांतपणे म्हणाला, "इसरत्यात ओ ती. आणि झाकायला त्यांनी काय चोरी केलीया काय?" आसपास बसलेल्या सगळ्यांना हे पटलं. मी एकटाच येडा ठरलो.

घरी येऊन धुसफुस केली तर वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुला मशीन उघडं पायजे आणि माणूस झाकलेलं. आमच्यात पयल्यापास्नं उलटं चालत आलंय."

तेव्हा मला हसू आलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी त्याच वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली. ती फार्मसीचा डिप्लोमा करून औषधांच्या दुकानात काम करत होती. घरात सगळ्यांत कमी बोलणारी, आणि बोलली की ऐकावंच लागेल अशी. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं त्या वर्षी पुस्तिका छापण्याऐवजी सीडी काढायचं ठरवलं होतं. प्रत्येक मुलामुलीचा बायोडाटा, फोटो, पत्ता, फोन, सगळं तिच्यात. बहिणीनं निळी साडी नेसून स्टुडिओत फोटो काढून घेतला. मी मंडळाच्या सचिवांना जाऊन भेटलो. म्हटलं, नुसता नोंदणी क्रमांक द्या, ज्यांना हवं ते मंडळात येऊन फोटो बघतील, नंबर घेतील. आणि निदान त्या फायली कुणालाही बदलता येतील अशा तरी ठेवू नका.

सचिव निवृत्त गृहस्थ, भले माणूस. पदरमोड करून मंडळ चालवायचे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आरं, झाकून ठेवल्यावर स्थळं कशी यायची? आणि कुणाला काय दुरुस्ती करायची असंल तर करू दे की. आपलीच माणसं हाईत."

सीडी निघाली आणि गावभर झाली. कॅफेवाल्यांनी ती मशीनवर उतरवून घेतली. ज्यांच्या घरी लग्नाचं कुणी नव्हतं, तेही मेव्हण्याच्या भाच्यासाठी म्हणून कॉपी घेऊन गेले. स्थळं मात्र खरंच आली. त्यातलं कागलचं जमलं. मुलगा शाळेत शिक्षक होता. दोघं एकदा रंकाळ्यावर भेटले, परत आल्यावर बहीण स्वयंपाक करताना गुणगुणत होती. आईनं मला डोळ्यानं खुणावलं, ऐक म्हणून. मोठ्या थाटात सुपारी फुटली.

पुढच्या पंधरवड्यात कागलहून मुलाचे वडील आणि चुलते आले. न सांगता आले, आणि चहालाही हात लावला नाही. चुलत्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून वडिलांपुढं ठेवला. माझ्या बहिणीचा बायोडाटा. हातकणंगल्यात त्यांच्या पाहुण्यांकडं तो आदल्या दिवशी आला होता. निळ्या साडीतला तोच फोटो. पण मजकूर आमचा नव्हता. उंची दोन बोटं वाढली होती, दुकान जाऊन तिथं दवाखाना आला होता, आणि खाली ठळक अक्षरांत होतं: तातडीने कर्तव्य आहे.

"सुपारी फुटल्यावर तातडी कसली हो, पावणं?" चुलते म्हणाले. "आमच्यापेक्षा चांगलं घावलंय, का पोरीचं काय हाय?"

वडिलांचा चेहरा उतरला. मी मध्ये पडलो. सांगितलं की हे आम्ही केलेलं नाही. सीडीवरच्या फायली मशीनवर उतरवल्या की कुणालाही बदलता येतात. कुण्या मध्यस्थानं लवकर जमावं म्हणून चांगल्या भावनेनंच हे घातलं असेल. जे मी इतकी वर्षं गावाला सांगत होतो, तेच त्या दिवशी पोटतिडकीनं सांगितलं. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही कॉम्प्युटरचं सर न्हवं?" ते म्हणाले. "मग काढून टाका की."

मी काढायला निघालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि बहीण दाराआड उभी होती. बावड्यातून सुरुवात केली, राजारामपुरी, दसरा चौक, स्टँडच्या मागचे कॅफे. कुणी एका शब्दानं अडवलं नाही, हे जास्त लागलं. सगळे हळहळले, माझ्या देखत फाइल पुसली, वर रिसायकल बिन उघडून रिकामी केली. दसरा चौकातला मालक म्हणाला, "माझ्याकडचं गेलं, सर. पण माझ्याकडनं न्हेलेल्यांचं कसं करायचं?" त्याच्या मशीनवर माझ्या बहिणीच्या बायोडाट्याच्या तीन वेगवेगळ्या प्रती निघाल्या. एकीत ती उत्तम स्वयंपाक करणारी होती, एकीत गृहकृत्यदक्ष, आणि एकीत तिचं वय घटलं होतं. डंकावरच्या चटणीसारखा प्रत्येकानं आपापल्या चवीनं फेरफार केला होता. या गोष्टीचं मी आयुष्यभर कौतुक करत आलो होतो, आणि आता ती कुणाकडून थांबवून घ्यावी हेच मला कळत नव्हतं.

मंडळाच्या सचिवांनी कागलला स्वतः फोन केला. रडवेले झाले होते बिचारे. कागलकरांनी आणखी थोडे दिवस वाट पाहिली, पण तेवढ्यात अर्जुनवाडा गावाहून त्यांना तोच फोटो पुन्हा गेला. आम्ही सुपारीत मुलाच्या आईला दिलेली साडी आणि नारळ त्यांनी कुणाच्या तरी हाती परत पाठवला. शिक्षकाचा स्वतःचा फोन आला नाही. तो येईल असं बहिणीला वाटत होतं, हे मला तिच्या फोनजवळ बसण्यावरून कळायचं.

एका रविवारी ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. मी नेहमीप्रमाणं काहीतरी खुडबुडत होतो. "दादा, माझा फोटो आत्ता कुठं कुठं असंल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. अंदाज तरी, ती म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं. वर्गात मुलांना नेटवर्कची आकृती काढून दाखवणारा मी, आणि मला तिच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं.

"मग आपला ह्यो फोन नंबर तरी बदलता येतो का बघ."

ते जमण्यासारखं होतं. मी उत्साहानं उठलो, चप्पल घातली. वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, "वीस वर्सं ह्योच नंबर हाय. सगळ्या पावण्यांकडं ह्योच हाय. त्यो बदलला तर खरी स्थळं कुठनं यायची?" मी उंबऱ्यातच थांबलो.

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीनंच उचलला. पलीकडचा बोलका माणूस होता, आवाज मला दारापर्यंत येत होता: निळ्या साडीतल्या मुलीचं स्थळ अजून शिल्लक आहे का, असं तो विचारत होता.

"न्हाय," ती म्हणाली. "ती दिली."

रिसीव्हर ठेवून ती आत भाजी चिरायला गेली. आईनं तिच्याकडं पाहिलं, वडिलांनी माझ्याकडं, आणि मी पायातली चप्पल काढून ठेवली.