तिने ठेवायचा नारळ

मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. ती स्वयंपाकघरात होती. चहा गाळून झाला होता. शेजाऱ्यांनी फोन केला, गाडी आली आणि दारात थांबली. इस्पितळात पोचण्याआधीच ती गेली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गाडी दारात थांबली हे मी मुद्दाम लिहितो आहे. आमचं घर रस्त्याला लागून आहे. घराच्या बाजूने एक पाणंद आत जाते. दोन्ही अंगांना जांभ्या चिऱ्यांच्या रचीव भिंती, म्हणजे गडगे, आणि मधून एक मोटारसायकल जाईल एवढी वाट. पाणंदीच्या टोकाच्या घरात एक माणूस राहतो. आयुष्यभर त्याने किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला जावं लागतं, आणि गाडी आमच्या कोपऱ्यापर्यंतच येते. तिथवर त्याला उचलून आणावं लागे. त्या पाणंदीतून गाडी त्याच्या दारापर्यंत जावी, यासाठी माझी बायको शेवटपर्यंत खटपट करत होती.

ती आमच्या वॉर्डाची नगरसेविका होती. तिला सगळे वैनी म्हणायचे. मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो. एक तासही कधी शिकवलं नाही, तरी लोक मला मास्तर म्हणतात. लोक आले की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जात असे. दार मात्र उघडं ठेवी, त्यामुळे वॉर्डातलं बहुतेक सगळं माझ्या कानावरून गेलेलं आहे. कुणाच्या दारात पर्यटकांच्या गाड्या लागतात, कुणाचा व्हाळ तुंबलाय, कुठला दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो.

निवडून आल्यावर तिने कधी कुणाला पालिकेत बोलावलं नाही. चार वाजले की छत्री घेऊन निघायची आणि लोकांच्या खळ्यात, अंगणात, जाऊन बसायची. तिचा एक नियम होता. पहिल्या भेटीत आंबे, मासे, मुलंबाळं. दुसऱ्या भेटीत त्यांचं गाऱ्हाणं. आपलं काम तिसऱ्या भेटीत, तेही त्यांनी विषय काढला तर. मी एकदा म्हटलं, "अशान तुझी पाच वर्सां चायतच जातली."

"जावंदेत," ती म्हणाली. "चाय फुकट जाणा नाय."

ती नांदगावची. लग्नानंतर इथे आली, आणि मी जन्मापासून इथे असून मला जेवढी घरं माहीत नव्हती तेवढी तिला माहीत झाली.

एक दिवस मी वाचनालयातून घरी आलो तर पडवीतली माझी खुर्ची जागेवर नव्हती. शिसवी, रुंद हातांची खुर्ची. मी तीत बसूनच वाचतो.

"खुर्ची खंय गेली गो?"

"गेली कामाक. तुमी बाकार बसा."

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची मला पाणंदीतून येताना दिसली. खुर्चीच्या दोन्ही हातांना काथ्याने बांबू बांधले होते, चार जणांनी ती खांद्यावर घेतली होती आणि आत तो माणूस बसला होता. मांडीवर टॉवेल, हातात पाण्याची बाटली. पुढून एक जण ओरडत होता, "पालखी इली रे, बाजूक व्हा!" आणि खुर्चीतला माणूस त्याला म्हणत होता, "मेल्या, हळू चल. देव पडलो तर पाप तुकाच लागतला."

गाडीत बसताना त्याने मला पाहिलं आणि हसणं थांबवलं. "मास्तरानु, तुमची खुर्ची."

मी म्हटलं, "बसा, बसा." दुसरं काय म्हणणार?

वाट रुंद करायची तर गडगा मागे घ्यावा लागणार होता. डाव्या हाताला एका निवृत्त कारकुनाचं घर. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. उजव्या हाताला एका ख्रिस्ती बाईंचं घर. त्या गोव्याच्या, लग्न होऊन इथे आल्या, इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. त्या टीचर. टीचरांच्या गडग्यात, बरोबर मध्यावर, एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मे महिन्यात त्याच्यापुढे मेणबत्त्या लावून लादाइन, म्हणजे प्रार्थना, होते, आणि नंतर वाटले जाणारे उकडलेले चणे पाणंदीतल्या सगळ्यांना मिळतात, आम्हालाही. खुरसाला हात लावायचा विषयच कुणी काढला नाही. सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं की जागा सुटायची ती भाऊंच्या बाजूने. भाऊ तयार होते. कुरकुरत, पण तयार.

श्रावणात पालिकेचा इंजिनीअर खुणा करायला आला. तरुण मुलगा, नुकताच घाटावरून बदली होऊन आलेला. ती त्याच्याबरोबर फितीचं टोक धरून उभी होती. मी आमच्या खिडकीतून बघत होतो. तिचं सगळं लक्ष खुरसाकडे. "साहेब, इथे रंग लावू नका हं. फितीचा पत्राही घासू देऊ नका," ती त्याला बजावत होती. तो बिचारा सांभाळून मागे सरला, वळला, आणि भाऊंच्या बाजूला ठळक खूण करायला जागा शोधू लागला. चिरे ओले, खडबडीत, शेवाळलेले. गडग्याच्या पायथ्याशी नेच्याच्या झुडपातून एक काळा, गुळगुळीत दगड डोकावत होता. त्याने त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला.

तो भाऊंचा राखणदार होता. जागेचा रक्षणकर्ता. वर्षातून एकदा त्याला नारळ मिळतो. बाकी वर्षभर तो दगडासारखा दगड असतो, आणि श्रावणात नेचे वाढले की तेवढाही दिसत नाही. परक्या माणसाला ते कळणं शक्य नव्हतं. तिला कळायला हवं होतं. नांदगावला तिच्या माहेरच्या बागेत असाच एक आहे.

भाऊ बाहेर आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"वैनी, खुरीस दिसलो तुमका. माझो राखणदार दिसाक नाय?"

तिने पदराने रंग पुसायला हात पुढे केला.

"हात लावू नकात. आता तेका इचारल्याशिवाय कोणी हात लावूचो नाय. आणि गडगोय हलाचो नाय."

त्या दिवशी ती जेवली नाही. "तेंचा बरोबर आसा," एवढंच म्हणाली. "माझी नजर दुसऱ्यांच्या देवार इतकी व्हती, की आपलो देव पायाखाली इलो तरी दिसलो नाय."

पुढचे कितीतरी महिने ती भाऊंच्या खळ्यात जाऊन बसत होती. भाऊ चहा द्यायचे. सुपारीच्या रोगाबद्दल बोलायचे, बांगड्याच्या भावाबद्दल बोलायचे, नातवाच्या दहावीबद्दल बोलायचे. गडग्याबद्दल अक्षर नाही. तिने विषय काढला नाही. तिचा नियम होता. येताना ती त्या लाल पट्ट्याजवळ क्षणभर थांबायची, ते मला खिडकीतून दिसायचं. खुर्ची जात होती, येत होती. पावसात तिच्यावर प्लास्टिक बांधलेलं असायचं.

मधेच तिची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक आले. मला वाटलं, आता चार वाजता ती घरी असेल. पण चार वाजले की छत्री निघायचीच. मी म्हटलं, "आता तू नगरसेविका नाय." ती चपला घालत म्हणाली, "ता मी पाणंदीतल्या माणसाक सांगूक व्हया? तेका डायलिसिस बंद करूक सांगू?"

आणि मग एका संध्याकाळी ती लवकर परत आली. मी वाचत होतो, बाकावर. तिने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. खूण न ठेवता, नेहमीसारखं.

"भाऊ बोलले."

"काय म्हणाले?"

"येत्या अवसेक गाऱ्हाणा घालूया म्हणाले. राखणदाराक इचारूया. तेना होय म्हटल्यान तर तेका मागे घेवया, गडगोय मागे. पण एक अट. रंग तुमच्या डोळ्यासमोर लागलो, तर नारळ तुमच्या हातान ठेवचो."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नारळ आणला. चार-पाच हलवून बघितले असणार, ती तशीच आणायची. तो देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवला.

अवसेच्या आधीचा तो मंगळवार.

सुतक फिटल्यावर माझ्या लक्षात आलं की लोकांचं येणं थांबलेलं नाही. चार वाजता कुणी ना कुणी पडवीत येऊन बाकावर बसायचं. व्हाळाबद्दल, कुत्र्यांबद्दल एखादं वाक्य बोलायचं आणि ओशाळून उठायचं. मी आत उठून जायचं सोडून दिलं होतं. त्यांनी सांगितलेलं मी ऐकून घेत होतो. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी भाऊ आले. बाकावर बसले. मी चहा केला. मला एवढाच येतो. त्यांनी तो संपवला आणि कप बाकावर ठेवला.

"मास्तर, ती अवस गेली. म्होरली येता हा."

"होय."

"मी उशीर केलंय. आधीच बोलाक व्हया होता." मग म्हणाले, "नारळ तुमी ठेवशात?"

मी सांगितलं, नारळ तिने आणून ठेवलेला आहे. फळीवर आहे. भाऊ विचारात पडले. सुतक आलेल्या घरातला नारळ राखणदाराला चालत नाही, हे त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. मी मान डोलावली. ते उठले, पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले.

"तो हाडलो कधी?"

"आधी. रविवारी."

"मगे तो सुतकाच्या आधीचो," भाऊ म्हणाले. "तो तिचोच."

हा न्याय कुठल्या शास्त्रात बसतो मला माहीत नाही. मी हरकत घेतली नाही.

अवसेच्या सकाळी पाणंदीतली सगळी माणसं जमली. मी नारळ घेऊन गेलो. टीचर आपल्या फाटकाशी उभ्या होत्या. त्या माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात, वर्गात बोलल्यासारख्या.

"तुमच्या पत्नी माझ्याकडे किती वेळा येऊन बसल्या असतील. मी त्यांना केक द्यायचे. पाणंदीबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही विषय काढायची ती वाट बघत असेल."

"आणि मी त्या विचारतील म्हणून वाट बघत होते," टीचर म्हणाल्या. "खुरीस हातभर मागे घ्यायला माझी काय हरकत असणार? परवा मी फादरना विचारलं. ते म्हणाले, यात विचारायचं काय?"

भाऊंनी ते ऐकलं. टीचरांकडे बघून म्हणाले, "टीचर, ह्या तुमी दोन वर्सां आधी सांगला असतात तर?"

"मला विचारलं कुणी? तुम्ही सगळे माझ्या देवाला घाबरून बसलात."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मलाही हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना मी इकडेतिकडे पाहिलं, ती कुठे उभी आहे ते बघायला.

भाऊंनी डोक्यावर टॉवेल घेतला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज हय जी तुझी लेकरां जमली आसत, तेंचा गाऱ्हाणा आयक. तुझ्या आंगाक जो रंग लागलो, तो कोणी जाणान लावक नाय. जेना लावल्यान तो परको. जिच्या डोळ्यासमोर लागलो ती आमची. ती आज हय नाय. पण तिचो नारळ इल्लो आसा. तो मान्य कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका हातभर मागे नेतंव, ता तुका हटवक न्हय. ह्या वाटेर जो कोण आजारी आसात, तेची गाडी तेच्या दारात येवंदे रे म्हाराजा!"

मी देवधर्माचा माणूस नाही. अशा ठिकाणी मी मागे, कडेला उभा राहतो. पहिल्या दोन्ही वेळी माझे ओठ हलले होते, आवाज निघाला नव्हता. या वेळी निघाला. टीचरांचाही ऐकू आला. त्यांनी आधी स्वतःवर क्रूस काढला आणि मग "व्हय म्हाराजा" म्हटलं.

मी वाकून नारळ ठेवला.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर टीचरांच्या नात्यातली माणसं आली, भाऊंचे मुलगे आले, रापणीवरचे सहा-सातजण आले. चिरे एकेक काढून मागे रचले. दुपारी टीचरांकडून केक आला आणि भाऊंकडून खटखटे लाडू. भाऊ खुरीस उचलणाऱ्यांना सूचना देत होते, आणि टीचर राखणदार उचलणाऱ्यांना.

आता गाडी आत जाते. पहिल्या दिवशी ती आमच्या खिडकीवरून सावकाश गेली आणि मी पुस्तकातून मान वर केली. संध्याकाळी त्या माणसाची बायको खुर्ची घेऊन आली. मागून तोही आला, भिंतीला हात लावत, स्वतःच्या पायांनी. बाकावर टेकला. दम लागला होता.

"मास्तरानु, पालखी परत. देव आता गाडीन जाता."

मग त्याने पडवीच्या दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वैनीक बघूक व्हया होता."

मी "होय" म्हटलं. त्याची बायको डोळे पुसत होती. मी चहा ठेवला.

राखणदारावरचा रंग रॉकेलने घासला, तरी एका बाजूला थोडा राहिला आहे. भाऊ म्हणतात, ऱ्हवंदे. त्या माणसाचं डायलिसिस चालू आहे. खुर्ची पडवीत आहे. तिच्या दोन्ही हातांवर काथ्याचे वळ उठले आहेत. मी तिच्यात बसतो. समोर बाक आहे. चार वाजता लोक येतात.