थ्री-नॉट-थ्री डाव्या खांद्याला

लोक मुलगी बघायला जातात. मी गेलो आणि भिंतीवरची बंदूक बघत बसलो. आई हे अजूनही पाहुण्यांना सांगते आणि सांगताना कपाळाला हात लावते.

नादच होता तसा. रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी मासिकं उचलायची, त्यातले दुसऱ्या महायुद्धाचे फोटो भिंगाखाली धरायचे आणि कुठल्या शिपायाच्या हातात कुठली बंदूक, पट्टा कुठला, बूट कसले, ते शोधत बसायचं. सिनेमात शिपायाच्या हातात भलतीच बंदूक दिसली की मी थिएटरात मोठ्याने बोलायचो. बाजूचे शिव्या घालायचे. घालू देत! चूक ती चूक.

पंच्याण्णवच्या सुमाराला आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये स्थळ बघायला गेलो. मुलीकडचे लालबागची खोली विकून नव्या ब्लॉकमध्ये आले होते. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. मुलीने पोह्यांची बशी आईच्या पुढे केली, ती डाव्या हाताने.

"अगं बाई, डाव्या हाताने?" आई बोललीच.

मुलीच्या आईने डोळे मिटून घेतले. आधीची स्थळंही त्याच हातावरून फिसकटली असावीत. वडिलांनी घाईघाईने भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. "रक्तातच आहे हो ते. हे माझे वडील. लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत, मी पाळण्यात होतो तेव्हा. बघा ना, बंदूकसुद्धा डाव्या खांद्याला! हा फोटो लागल्यापासून हिला घरात कुणी बोलत नाही."

लढाईवर गेलेला माणूस म्हटल्यावर आई विरघळली. "शूर माणसाचा हात आहे मग," म्हणाली आणि पोहे खायला लागली. जमल्यातच जमा होतं. पण फोटोतली बंदूक महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री होती, मी गप्प कसला बसतोय! बशी ठेवली आणि फोटोला नाक लावलं.

आणि उडालोच. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायची मूठ, उजवीकडे असतो. कुठलीही घ्या, उजवीकडेच. इथे डावीकडे! शर्टाची बटणंही उलटी, बायकांच्या शर्टासारखी. अहो, अख्खा फोटोच उलटा, आरशात दिसतो तसा छापला होता. आजोबा चांगले उजव्या हाताचे होते.

"काय रे, काय दिसलं?" आईने विचारलं आणि कौतुकाने त्यांना म्हणाली, "ह्याला त्यातलं सगळं कळतं हो."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बोल्ट अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं. तोवर तिला मी धड पाहिलंही नव्हतं. ट्रे छातीशी घट्ट धरून ती माझ्याकडेच बघत होती, चेहरा पार उतरलेला.

"पक्के डावखुरे," मी म्हणालो. "शंकाच नको."

लग्न झालं. एका रविवारी मी भिंग घेऊन बसलो होतो आणि ती पोळ्या करत होती. मध्येच म्हणाली, "अहो, बोल्ट उजवीकडे असतो ना?"

मी भिंग खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मूळ फोटोत उजवीकडेच आहे. एवढासा, डाग पडलेला, ट्रंकेत तळाशी होता. कुणी धड बघितलाही नव्हता. इकडे राहायला आलो तेव्हा मोठा करायला भाईंदरच्या स्टुडिओत मीच घेऊन गेले." तिने डाव्या हाताने पोळी उलटली. "फोटोवाल्याला म्हटलं, भैया, उल्टा छापना."

"आणि त्याने छापला?"

"वेड्यात काढलं आधी. पण छापला. ह्या हातावरून बोलून बोलून जीव नकोसा केला होता हो सगळ्यांनी. मग आजोबांनाच म्हटलं, बंदूक घेऊन उभेच आहात, तर जरा माझ्या बाजूने उभे राहा."